आधी रेडिएटर, मग नंबर, चेहरा शेवटी

जुन्या मोटार-रॅल्यांच्या फोटोंतली गाडी कोणती आणि चालक कोण, हे कसं ओळखायचं याबद्दल वाचकांनी विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : आल्बममध्ये घट्ट चिकटवलेला पोस्टकार्डाएवढा फोटो आहे. सहा-सात मोटारी ओळीने उभ्या आहेत, पाठीमागे कापडी फलक आहे, पण त्यावरचं काही वाचता येत नाही. सुरुवात कुठून करायची?

फोटो उपटू नका. पाठीवर काय लिहिलंय ते पाहायच्या घाईत वरचा थर सोलला गेला की तो परत येत नाही. खोली अंधारी करून टॉर्च फोटोच्या कडेला जवळजवळ आडवा धरा. पाठीवर कुणी पेन्सिल दाबून लिहिलं असेल, तर त्या रेघांचे उंचवटे पुढच्या बाजूलाही उलटे उमटलेले दिसतात.

मग स्कॅन. एवढ्या फोटोला १२०० डीपीआय, टिफ फाइल, आणि फोटो काळा-पांढरा असला तरी स्कॅन रंगीतच. जुना फोटो पिवळा पडत फिका होतो, तेव्हा उरलासुरला तपशील निळ्या चॅनेलमध्ये सगळ्यात ठळक असतो. फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये लाल, हिरवा आणि निळा चॅनेल वेगळे उघडा आणि फक्त निळा पाहा. फलकावरची अक्षरं सापडायची असतील तर बहुतेक तिथेच सापडतात. मूळ फाइलला हात लावू नका, प्रतीवर काम करा. प्रत्येक गाडी वेगळी कापून तिला डावीकडून क्रमांक द्या, म्हणजे पुढे टिपणं एकमेकांत मिसळणार नाहीत.

गाड्यांकडे वळण्याआधी फोटोलाच दोन खुंट्या ठोका : ‘याच्या आधीचा असूच शकत नाही’ आणि ‘याच्या नंतरचा असूच शकत नाही’. फलकावर स्पर्धेचं नाव अर्धवट जरी वाचता आलं तरी मोठं काम होतं. जर्मनीतली हर्कोमर स्पर्धा १९०५ ते १९०७ एवढीच झाली, प्रिन्स हाइनरिश यांच्या नावाची १९०८ ते १९११. मोंटे कार्लो रॅली १९११ आणि १९१२ मध्ये झाली, मग थेट १९२४ मध्ये. १९३९ नंतर पुन्हा १९४९ मध्ये. म्हणजे ‘मोंटे कार्लो, १९२०’ अशी चिठ्ठी फोटोवर असेल तर ठिकाण किंवा साल, दोन्हींतलं एक तरी चूक आहे. सुटं फोटो-पोस्टकार्ड असेल तर पाठ पाहा. पत्ता आणि मजकूर यांच्यामध्ये उभी रेघ असलेली पाठ ब्रिटनमध्ये १९०२ पासून आणि अमेरिकेत १९०७ पासून चालू झाली. टपालाचा शिक्का मात्र फक्त नंतरची खुंटी देतो. दुकानात पडून राहिलेली कार्डं लोक पुढे कित्येक वर्षं पाठवत असत.

प्रश्न : आमच्याकडच्या फोटोतली गाडी सगळे ‘रेनॉ’ म्हणून ओळखतात, कारण बॉनेट पुढे उतरत गेलंय आणि समोर रेडिएटर नाही. पण मागच्या चाकाजवळ साखळी दिसते. ती रेनॉच असेल ना?

साखळी खरोखर दिसत असेल, तर नाही. लुई रेनॉ यांनी १८९८ मध्ये बनवलेल्या पहिल्याच गाडीत ताकद मागच्या चाकांकडे शाफ्टने नेली होती आणि ती पद्धत त्यांनी सोडली नाही. मोठं करून पाहा : गाडीच्या कुशीला, मागच्या चाकाच्या पुढे एक छोटं दातेरी चाक, मागच्या चाकाला लागून दुसरं मोठं, आणि दोन्हींमधून जाणारी जाड साखळी. ब्रेकची लोखंडी दांडी तिथूनच जाते आणि ती पुष्कळदा साखळीसारखी दिसते. दोन समांतर रेघा दिसल्या तर साखळी, एकच दिसली तर दांडी.

उतरत्या बॉनेटचा रेनॉवर एकटीचा हक्क नव्हता. रेडिएटर इंजिनाच्या मागे ठेवण्याची तीच रचना शारों, क्लेमां-बायार, स्कॉटलंडची आरोल-जॉन्स्टन, जर्मनीची कोमनिक आणि अमेरिकेची कीटन यांनीही वापरली. रेनॉमध्ये ती १९०४-०५ च्या सुमारापासून १९२० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत दिसते. बॉनेटच्या टोकावर पत्त्यांतल्या चौकटसारखा बॅज असेल तर गाडी १९२५ किंवा नंतरची. १९२३ पासूनच्या दोनेक वर्षांत तो गोल होता. त्याआधीच्या गाडीत चाकाच्या तुंब्यावरचं झाकण, म्हणजे हबकॅप, हाच खरा साक्षीदार. बनवणाऱ्याचं नाव तिथे कोरलेलं असतं. अक्षरं वाचता आली नाहीत तरी किती आहेत याचा अंदाज करता येतो, आणि पाच अक्षरी नाव व चौदा अक्षरी नाव यांतला फरक धूसर फोटोतही कळतो.

या निमित्ताने एक गोष्ट सगळ्यांसाठीच. बॉडीवरून गाडी ओळखू नका. त्या काळात कारखाना पुष्कळदा नुसती चासी, म्हणजे इंजिन आणि चाकांसकट सांगाडा, विकायचा आणि बॉडी ग्राहक आपल्या पसंतीच्या कारागिराकडून बांधून घ्यायचा. एकाच चासीवर उन्हाळ्यात उघडी आणि हिवाळ्यात बंद बॉडी चढवणारेही होते. म्हणून पाहायचं ते खालून वर : पुढचा आस, स्प्रिंगचे पाटे चासीला कुठे जोडलेत, चाकं, हबकॅप, मग रेडिएटरची बाह्यरेषा, आणि बॉनेटच्या बाजूच्या फटींची संख्या. पुढच्या आणि मागच्या चाकाचे आरे वेगळे मोजा, ते नेहमी सारखे नसतात.

रेडिएटरची बाह्यरेषा ही त्या काळातली सहीच. देलोने-बेलव्हिल हा मुळात बॉयलर बनवणारा कारखाना. त्यांचा रेडिएटर गोल आणि बॉनेटही पिंपासारखं गोल. सुरुवातीच्या हॉचकिस आणि डच स्पायकर यांचाही रेडिएटर गोल होता, पण हॉचकिस ही शस्त्रं बनवणारी कंपनी, तिच्या बॅजवर एकमेकींवर आडव्या टाकलेल्या दोन तोफा आहेत. बुगाटीचा घोड्याच्या नालासारखा, रोल्स-रॉइसचा ग्रीक देवळाच्या दर्शनी भागासारखा सपाट. रोल्स-रॉइसच्या टोपणावर पंख पसरलेली बाई असेल तर फोटो १९११ च्या आधीचा नाही. व्हॉक्सहॉलच्या बॉनेटवर दोन्ही बाजूंना लांब खाचा पडलेल्या असतात, त्या रेडिएटर झाकलेला असला तरी दिसतात. समोर खाली लोंबकळणारी, पत्र्याच्या चकत्या लावलेली नागमोडी नळी दिसली तर गाडीची जडणघडण जुनी आहे. मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर १९०१ च्या मर्सिडीजने आणला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत बाकीचे त्याच्या मागे गेले.

आता सगळ्यात फसवा प्रकार, परवान्यावर बनवलेल्या जुळ्या गाड्या. १९०२ पासून द दिएत्रिच कारखाना तुर्का-मेरीच्याच आराखड्यावर मोटारी बनवत होता. १९११ ची पहिली मोंटे कार्लो रॅली आंरी रूजिए यांनी तुर्का-मेरीमधूनच जिंकली, त्यामुळे हे नाव रॅलीच्या फोटोंमध्ये अनेकदा येतं. या दोन घराण्यांच्या त्या सुरुवातीच्या गाड्या नुसत्या आकारावरून वेगळ्या काढायचा हट्ट धरू नये. बॅज, हबकॅप किंवा प्रवेशयादी, म्हणजे स्पर्धेत उतरलेल्या गाड्यांची यादी, लागतेच. ओपेल आणि दाराक यांचंही १९०२ पासून काही वर्षं असंच होतं. नंतरच्या काळातलं मोठं कुटुंब ऑस्टिन सेव्हनचं : जर्मनीत ती आधी डिक्सी आणि मग बीएमडब्ल्यू ३/१५ झाली, फ्रान्समध्ये रोझेंगार. १९२९ च्या आंतरराष्ट्रीय आल्पाइन स्पर्धेत संघाचं बक्षीस बीएमडब्ल्यू ३/१५ च्या चमूने मिळवलं. डोंगरी वळणावरच्या त्या इवल्याशा गाडीला लोक सरळ ऑस्टिन म्हणून मोकळे होतात.

प्रश्न : गाडीची लांबी फोटोवरून काढता येते असं ऐकलं. आमच्या फोटोत गाडी तिरपी उभी आहे, तरी जमेल?

जमेल. दोन चाकांच्या केंद्रांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, हेच काढायचं. एकूण लांबी बॉडीप्रमाणे बदलते.

मोजायला टायरचा आकार माहीत हवा. मोठं केलेल्या फोटोत टायरच्या कुशीवर ८१५ × १०५ किंवा ८८० × १२० असे आकडे कधीकधी वाचता येतात. पहिला आकडा बाहेरचा व्यास, दुसरा जाडी, दोन्ही मिलिमीटरमध्ये. बाहेरच्या व्यासातून जाडी दोनदा वजा केली की रिमचा व्यास साधारण मिळतो : ८१५ मधून २१० गेले, राहिले ६०५ मिमी.

गाडी तिरपी असली की चाक अंडाकृती दिसतं : उंची पूर्ण, रुंदी दबलेली. दोन चाकांमधलं अंतरही त्याच प्रमाणात दबलेलं असतं. म्हणून एकक म्हणून चाकाची उंची घ्यायची नाही, आडवी रुंदी घ्यायची. चूक नेमकी इथेच होते. समजा छापील प्रतीवर मागच्या चाकाच्या रिमची रुंदी ३४.५ मिमी आणि उंची ३९ मिमी आहे. पुढच्या चाकाची रुंदी ३७.५ आणि उंची ४३, कारण ते कॅमेऱ्याच्या जवळ आहे. केंद्रांमधलं अंतर १७८ मिमी. रुंदीची सरासरी ३६. १७८ ला ३६ ने भागून ६०५ ने गुणलं की २९९१ मिमी, म्हणजे जवळजवळ तीन मीटर. उंचीची सरासरी ४१ धरली असती तर उत्तर २६२७ आलं असतं, छत्तीस सेंटिमीटरने कमी, आणि तुम्ही भलत्याच मॉडेलच्या मागे लागला असता.

रिमची कड घ्या, टायरची नको. टायर फुगीर असतो, तिरप्या गाडीत त्याची जाडी रुंदीत भर घालते. पुढची चाकं वळवलेली असतील तर त्यांची रुंदी निरुपयोगी ठरते. अशा वेळी मागच्या चाकाची रुंदी घ्या आणि पुढच्या व मागच्या चाकांच्या उंचीच्या प्रमाणात ती वाढवून पुढच्या चाकाची रुंदी ठरवा. एवढं करूनही शेकडा पाच इकडेतिकडे होणारच. पण ऑस्टिन सेव्हन १९०५ मिमी, फोर्ड मॉडेल टी २५४० मिमी, रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट ३४४२ किंवा ३६४५ मिमी, असा पल्ला असल्यावर तेवढ्या चुकीतही बऱ्याच गाड्या यादीतून बाद होतात. टायरचा आकडा वाचता येत नसेल आणि गाडी ब्रिटिश असेल, तर नंबरप्लेट कामाला येते : तिच्यावरची अक्षरं नियमाने साडेतीन इंच उंच. मात्र प्लेट आणि चाकं कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर नसतात, म्हणून तिथे चूक जास्त धरा.

प्रश्न : नंबरप्लेटवर ‘आयए’ आणि पुढे चार आकडे आहेत. एक जाणकार म्हणतात गाडी बर्लिनची, दुसरे म्हणतात आयर्लंडची. कोण बरोबर?

प्लेटचा रंग पाहा. पांढऱ्यावर काळी अक्षरं असतील तर जर्मन : रोमन एक म्हणजे प्रशिया आणि त्यापुढचं ए म्हणजे बर्लिन. काळ्यावर पांढरी असतील तर ब्रिटिश बेटांची पद्धत, आणि तिथे आयए म्हणजे आयर्लंडमधला अँट्रिम परगणा. जर्मन प्लेटवर रोमन आकडा आणि अक्षर यांच्यात जरा मोकळी जागाही असते. रोमन दोन असता तर बव्हेरिया, तीन असता तर व्युर्टेम्बर्ग. ही पद्धत १९०६-०७ मध्ये आली.

ब्रिटनमध्ये नंबर सक्तीचे झाले ते १ जानेवारी १९०४ पासून : एक किंवा दोन अक्षरं आणि जास्तीत जास्त चार आकडे. ‘ए’ लंडनचं, ‘एए’ हॅम्पशरचं, ‘डीयू’ कॉव्हेंट्रीचं. तीन अक्षरी नंबर १९३२ मध्ये आले. यात एक खड्डा आहे. कॉव्हेंट्रीसारख्या कारखान्यांच्या गावाची अक्षरं दिसली म्हणजे मालक तिथला, असं होत नाही. स्पर्धेला उतरवलेल्या गाड्या पुष्कळदा कारखाना स्वतःच्या नावावर नोंदवायचा, म्हणजे ती अक्षरं गाडीचं माहेर सांगतात, सासर नाही. परगण्यांच्या नोंदवह्या अनेक अभिलेखागारांत टिकून आहेत आणि त्यांत मालकाचं नाव, पत्ता, गाडीचं बनावट-नाव, रंग, वजन असं बरंच काही असतं. नंबर पूर्ण वाचता आला तर पहिलं पत्र तिकडेच लिहा.

फ्रान्समध्ये १९०१ च्या हुकमाने ताशी ३० किलोमीटरपेक्षा जास्त वेगाच्या गाड्यांना नंबर लागले : आकडे आणि खाण-विभागाचं एक अक्षर. पॅरिसच्या वाट्याला ई, जी, आय, यू आणि एक्स ही अक्षरं आली होती. आकडे संपल्यावर अक्षरानंतर आणखी एक आकडा लागू लागला, तो जितका मोठा तितकी नोंदणी उशिराची. १९२८ मध्ये ही पद्धत बदलली.

त्या काळी परदेशात जाणाऱ्या गाडीच्या मागे लंबगोल पट्टी असायची, ३० सेंटिमीटर रुंद आणि १८ उंच, ब्रिटनची जीबी, फ्रान्सची एफ, जर्मनीची डी. ती १९०९ च्या पॅरिस करारातून आली. रॅलीच्या फोटोत ती दिसली, तर १९०७ किंवा १९०८ हे साल विसरा.

प्रश्न : गाडीच्या बाजूला आरे नसलेलं चाक पट्ट्याने बांधलंय. मोडकं असावं का?

मोडकं नाही, मुळातच तसं आहे. ती हवा भरलेली टायर चढवलेली नुसती कड. पंक्चर झालं की मूळ चाक न काढता ही कड त्याच्या बाहेरून चिमट्यांनी आवळायची आणि गाडी पुढे हाकायची. वेल्समधल्या लॅनेथली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवर १९०४ मध्ये हिचा धंदा सुरू झाला. आपण आजही जादा चाकाला स्टेपनी म्हणतो, ते या रस्त्याच्या नावावरून. फोटोत ती असेल तर तो १९०४ च्या आधीचा नाही. पूर्ण आऱ्यांचं, तुंब्यासकट निघणारं तारेचं जादा चाक असेल तर १९०८ नंतरचा विचार करा.

प्रश्न : रॅली फ्रान्समधली आहे, पण स्टीअरिंग उजवीकडे. निगेटिव्ह उलटी छापली गेली असेल का?

स्टीअरिंगवरून ठरवू नका. पहिल्या महायुद्धाआधी युरोपातल्या बहुतेक गाड्यांचं स्टीअरिंग उजवीकडेच असायचं, रस्त्याच्या कोणत्याही बाजूने चालायची पद्धत असो. फोर्ड मॉडेल टी ने १९०८ मध्ये ते डावीकडे ठेवलं, युरोपात तो बदल सावकाश पोचला.

उलटं छापलंय का ते अक्षरांवरून कळतं, आणि अक्षरं नसतील तर कोटांवरून. पुरुषांच्या कोटाची डावी बाजू उजवीवर येते. पण चालकांचे जाड मोटार-कोट दुहेरी बटणांचे असत आणि कसेही लावता येत, म्हणून गर्दीतल्या साध्या कोटवाल्या चार-पाच जणांकडे पाहा. काचेची मूळ प्लेट हातात असेल तर सोपं : मंद, मॅट दिसणारी बाजू म्हणजे रसायनाची, ती तुमच्यापासून दूर, चकचकीत काच तुमच्याकडे, असं धरलं की दृश्य सरळ दिसतं. आणखी एक, काचेवर संस्थेचा क्रमांक आणि मथळा हाताने लिहिण्याची बातमी-छायाचित्र संस्थांची पद्धत होती. ते लिखाण सरळ वाचता येतं ती बाजू खरी.

प्रश्न : यादीत लाल गाडी, फोटोत काळी, यादीत निळी, फोटोत जवळजवळ पांढरी. यादी चुकली?

यादी नाही, फोटोची काचेची प्लेट. त्या काळच्या प्लेटांना लाल रंग दिसतच नसे आणि निळा गरजेपेक्षा जास्त दिसे. म्हणून लाल काळा उमटतो, निळा फिका. फ्रेंच निळ्या रंगाच्या गाडीला जर्मन पांढरी समजण्याची चूक इथूनच येते. आकाश कोरं पांढरं आणि चालकाचे ओठ काळपट दिसत असतील, तर प्लेट त्याच जातीची आहे आणि रंगाचा पुरावा बाजूला ठेवावा. सगळे रंग ओळखणाऱ्या प्लेटा १९०६ पासून मिळू लागल्या, पण त्यांचा वापर सर्रास झाला तो बराच नंतर.

प्रश्न : चाकं पुढे झुकलेली, लंबगोल दिसतात. गाडीत बिघाड की फोटोत?

दोन्हींत नाही. कॅमेऱ्याच्या शटरच्या पडद्यातली फट प्लेटवरून सरकत जाते, त्यामुळे चित्राचा एक भाग आधी आणि दुसरा क्षणभर नंतर टिपला जातो. तेवढ्यात गाडी पुढे गेलेली असते. फ्रेंच छायाचित्रकार लार्तिग यांनी टिपलेल्या फ्रेंच ग्रां प्रीच्या प्रसिद्ध फोटोत चाक पुढे आणि प्रेक्षक मागे झुकलेत, कारण त्यांनी कॅमेराही गाडीबरोबर फिरवला. अशा फोटोवर मोजमाप करू नका. गाडी वेगात होती एवढंच त्यातून घ्या.

प्रश्न : १८९८ ची म्हणून सांगितलेली गाडी, पण सोबतच्या बायकांच्या टोप्या अगदी वेगळ्या काळातल्या वाटतात. गाडीचं साल चुकलं का?

गाडीचं साल बरोबर असेल, फोटोचं नसेल. १४ नोव्हेंबर १८९६ रोजी लंडनहून ब्रायटनला मोटारी गेल्या, त्याची आठवण म्हणून १९२७ पासून जुन्या गाड्यांची फेरी भरू लागली. १९०५ च्या आधी बनलेल्या गाड्याच तिच्यात घेतात. म्हणजे तीस वर्षांची गाडी आणि नव्या काळातली माणसं एकाच फोटोत येणारच. पुरावे शोधा : १८९८ च्या गाडीला ब्रिटिश नंबरप्लेट असेल तर फोटो १९०४ नंतरचा. पाठीमागच्या गाडीला पुढच्या चाकांवर ब्रेकचे ड्रम असतील तर बहुधा १९२४ नंतरचा, कारण महायुद्धाआधी पुढचे ब्रेक फारच थोड्या बनावटींना होते. रस्त्याकडेला पट्ट्यापट्ट्यांच्या खांबावर गोळा असेल तर तो पादचाऱ्यांसाठीचा बेलिशा दिवा, म्हणजे १९३४ किंवा पुढे. स्टार्टिंग हँडल पाहून मात्र ‘जुनं’ ठरवू नका. कॅडिलॅकने १९१२ च्या मॉडेलला विजेचा स्टार्टर दिला, तरी त्यानंतर कितीतरी दशकं गाड्यांना हँडल येतच राहिलं.

प्रश्न : अंधुक नंबर एआयच्या अॅपने स्पष्ट केला तर चालेल का?

नंबरासाठी अजिबात नको. असं अॅप नसलेला तपशील भरून काढतं. तिनाचा आठ करतं, बॅजवर न लिहिलेली अक्षरं लिहितं, आणि ते इतकं नीटनेटकं दिसतं की नंतर मूळ फोटो कुणी पाहतच नाही. उजेड-अंधार कमीजास्त करणं आणि मोठं करणं, इतकंच करा. तीन-आठ, शून्य-सहा, एक-सात यांत शंका असेल तर दोन्ही शक्यता लिहून दोन्ही तपासा.

प्रश्न : गाडी कळली, रॅलीचा क्रमांकही वाचता आला. पण चालक चष्मा आणि टोपीत पूर्ण झाकलेला आहे. नाव कसं लावायचं?

चेहऱ्यावरून नाव लावायचं नाहीच. नाव कागदावरून येतं, चेहरा फक्त त्याला होकार किंवा नकार देतो. क्रम असा : स्पर्धा आणि साल, मग त्या वर्षीची प्रवेशयादी, मग क्रमांक आणि बनावट यांचा मेळ. क्रमांक जुळला आणि बनावट जुळली नाही, तर पहिला संशय सालावर घ्या, कारण तेच आकडे दर वर्षी नव्या गाड्यांना मिळतात. त्या काळची मोटार-नियतकालिकं फ्रान्स आणि ऑस्ट्रियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयांनी मोठ्या प्रमाणावर स्कॅन करून खुली ठेवली आहेत, आणि पॅरिसच्या रोल या बातमी-छायाचित्र संस्थेच्या हजारो प्लेटाही फ्रेंच ग्रंथालयाच्या संग्रहात पाहता येतात. पुष्कळदा तुमचा फोटो घेणाऱ्याच्या शेजारीच उभं राहून दुसऱ्याने टिपलेला फोटो तिथे मिळतो, मथळ्यासकट.

यादीतलं नाव म्हणजे चालक असं मात्र समजू नका. ते गाडी उतरवणाऱ्याचं असू शकतं. नाव टोपणही असतं : १८९९ मध्ये नीसच्या स्पर्धांत ‘मर्सिडीज’ असं लिहिलेलं आढळतं, पण ती गाडी नव्हे, तो माणूस आहे. एमिल येलिनेक आपल्या मुलीच्या नावाने उतरत आणि चालवत डाइमलर. त्या नावाच्या गाड्या नंतर आल्या. बारन फिलीप द रोथशिल्ड ‘जॉर्ज फिलीप’ म्हणून शर्यतीत दिसतात. बायकांची नावं नवऱ्याच्या नावाखाली दडलेली असतात. १९२६ ची मोंटे कार्लो रॅली व्हिक्टर ब्रूस यांनी एसी या ब्रिटिश बनावटीच्या गाडीतून जिंकली; १९२७ मध्ये त्यांच्या पत्नी मिल्ड्रेड एसीमधूनच उतरल्या, महिलांचा चषक त्यांनी मिळवला, आणि कागदोपत्री त्या ‘मिसेस व्हिक्टर ब्रूस’. ‘ब्रूस, एसी’ एवढ्या मथळ्यावर नवरा की बायको हे सालाशिवाय ठरत नाही.

स्टीअरिंगवर बसलेला माणूस दर वेळी मुख्य चालकच असतो असंही नाही. १९०७ च्या पेकिंग ते पॅरिस प्रवासात पाच गाड्या निघाल्या. इटाला या इटालियन गाडीत तिघे होते : प्रिन्स बोर्गेसे, मेकॅनिक गुइझार्दी आणि पत्रकार बार्झिनी. बोर्गेसे आणि गुइझार्दी दोघेही आळीपाळीने चालवत. म्हणून ‘इटाला, म्हणून चाकावर बोर्गेसे’ हा तर्क तिथे लटका पडतो. अशा वेळी अंगकाठी, मिशा, कोटाची कॉलर आणि त्याच दिवशीचे दुसरे फोटो यांचा आधार घ्या.

चेहऱ्यात सगळ्यात भरवशाचा अवयव कान. चष्म्याने डोळे गेले, टोपीने कपाळ गेलं, तरी कानाची पाळी पुष्कळदा मोकळी असते. पॅरिस पोलिसांतले अल्फोन्स बर्तियाँ त्याच काळात गुन्हेगार ओळखताना कानाच्या घडणीला मोठं वजन देत. पाळी गालाला चिकटलेली की सुटी, वरची कड गुंडाळलेली की सपाट, कान डोक्याशी किती कोनात, एवढं पाहा. मात्र तुलनेचा फोटो त्याच बाजूचा आणि साधारण त्याच कोनातला हवा, नाहीतर कान हवं ते उत्तर देतो. आणि तुलनेसाठी घेतलेल्या फोटोवरचं नाव कुठून आलं तेही तपासा. एका चुकीच्या मथळ्यावरून दहा फोटोंना चुकीचं नाव लागलेलं आढळतं.

शेवटी नोंद लिहाल तेव्हा गाडी, स्पर्धा आणि माणूस यांच्यापुढे वेगवेगळं लिहा : ‘निश्चित’, ‘बहुधा’ किंवा ‘शक्य’, आणि प्रत्येकापुढे कशावरून ते. उदाहरणार्थ, ‘गाडी निश्चित, हबकॅपवरून, साल बहुधा, क्रमांक आणि यादीवरून, चालक शक्य, कानावरून’. लिहायचं ते मऊ पेन्सिलीने, फोटोच्या पाठीवर कडेला, फोटो काचेवर किंवा कडक पुठ्ठ्यावर पालथा ठेवून, हलक्या हाताने. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो, आणि फोटो एकावर एक ठेवले की शाई खालच्या फोटोवर उतरते.